लॅपटॉप विकणे आहे, आतलं खासगी वगळून

३ मार्च, सकाळी दहा

डावा गुडघा पाच, उजवा साडेसहा. जिना एकदा उतरले, एकदा चढले, मध्ये दोनदा देवाला हाक मारली. डॉक्टरांचं संपलं. पुढचं खासगी.

ही शेवटची दोन वाक्यं मी रोज न चुकता बोलते. डॉक्टरांनी सांगितलंय, सहा आठवडे गुडघा रोज दहापैकी किती दुखतो याची नोंद ठेवा. मला अक्षर येत नाही, म्हणून सुनेने या लॅपटॉपवर सोय करून दिली. एका बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. ते दाबायचं आणि बोलायचं, की स्क्रीनवर मोहरी सांडल्यासारखी अक्षरं सांडत जातात. त्या दिवशी ती आणखीही बरंच काही समजावत होती, पण मी मटार सोलत होते आणि त्यातले निम्मे किडके निघाले, त्यामुळे माझं लक्ष महत्त्वाच्या कामात होतं. एवढं मात्र मला कळलं की यंत्राला नीट बजावलं की ते ऐकतं. म्हणून डॉक्टरांचं संपलं असं सांगते. पुढचं ते वेगळं ठेवतं. भल्या माणसासारखं तोंड फिरवून बसत असणार.

एकच अडचण आहे. कुजबुजलं की ते लिहीत नाही. म्हणून खासगी गोष्टी मी दार लावून मोठ्याने सांगते.

तर आजचं खासगी. काल जेवताना चिरंजीवांनी जाहीर केलं की नवा लॅपटॉप घ्यायचा, हा जुना दुकानात बदल्यात द्यायचा, आणि दुकानाची ऑफर पंचवीस तारखेपर्यंतच आहे. मी विचारलं, हा लॅपटॉप कोणाचा? सगळे ताटात बघू लागले. सगळे म्हणजे दोघंच. नात शिकायला परगावी गेली तेव्हा नवा घेऊन गेली आणि हा मला देऊन गेली. झाकणावर तिने चिकटवलेलं मांजर आहे, त्याचा एक कान गेलाय. तेव्हा ठेवायचा की विकायचा ते मी ठरवणार. चिरंजीव म्हणाले, ठरव बाई, पण लवकर ठरव.

ठरवलं. विकायचा. पण दुकानात मातीमोल भावाने नाही, मी स्वतः विकणार. चाळीस वर्षं बाजारात भाजी विकली, एक टोपली कधी घरी परत आणली नाही. चार दिवसांत गिऱ्हाईक लावते. माझा त्यात काडीइतकाही जीव अडकलेला नाही.

तक्रार: सून फरसबी बोटाएवढी चिरते. ताटात भाजी वाढलीय की सरपण, कळत नाही. मी तोंडावर बोलणारी बाई आहे, पण वेळ बघून बोलते.

४ मार्च

पाच. सहा. डॉक्टरांचं संपलं. पुढचं खासगी.

काल रात्रीच्या जेवणात फरसबी. दाण्याएवढी बारीक. मी एक शब्द बोलले नव्हते, परवा फक्त ताटाकडे जरा रोखून पाहिलं होतं. याला म्हणतात धाक.

चिरंजीवांनी लॅपटॉपचा फोटो काढून जाहिरात टाकली. मला वाचून दाखवली: उत्तम स्थितीत, अगदी कमी वापरलेला. मी म्हटलं, अरे, वायर काढली की हा त्याच क्षणी मरतो. झाकण मागे पडतं म्हणून आपण पिठाचा डबा टेकवतो. चालू होईपर्यंत माझी अंघोळ होते. उत्तम स्थितीत या घरात मी सोडून काय आहे? चिरंजीव म्हणाले, जाहिरातीत असंच लिहितात. जो माणूस स्वतःच्या डोक्यावरचा विरळ भाग कंगव्याने झाकतो त्याला असंच सुचणार.

हो, आणि कोणी म्हणेल म्हातारी स्वतःला या म्हाताऱ्या यंत्रात बघते. अजिबात नाही. असल्या रडक्या गोष्टी मला जमत नाहीत. शिवाय मी इतकी तापत नाही.

तक्रार: सुनेच्या मोबाइलचा गजर सकाळी पाच वेळा वाजतो. ती चार वेळा तो बंद करते आणि पाचव्यांदा मला जाग आणून स्वतः उठते.

५ मार्च

गजर एकदाच वाजला. बोला आता.

गुडघा राहिला. पाच, सहा.

७ मार्च, संध्याकाळी

डावा पाच, उजवा सात, कारण गिऱ्हाईकासाठी तीनदा उठबस. डॉक्टरांचं संपलं. पुढचं खासगी.

पहिलं गिऱ्हाईक येऊन गेलं. शिकवणी घेणारे एक मास्तर. सभ्य माणूस, चपला दाराबाहेर एका रेषेत काढल्या. आता विक्रीचं माझं शास्त्र असं, की मालातला दोष गिऱ्हाईकाने शोधायच्या आत आपणच दाखवायचा. भोपळ्याला डाग असेल तर तीच बाजू पुढे करायची. त्याला वाटतं बाई खरी आहे, मग तो उरलेला भोपळा डोळे मिटून घेतो. बाजारात हे कधी फसलं नाही.

मास्तरांना बसवलं आणि सुरुवात केली. वायर काढून दाखवली, लॅपटॉप मेला. डबा काढून दाखवला, झाकण धाडकन मागे. उजव्या कोपऱ्यातलं एक बटण दाबलं की वर येत नाही, ते नखाने उचलावं लागतं, तेही उचलून दाखवलं. अंघोळीचं सांगितलं. खाली हात लावून बघा म्हटलं, पोळी शेकेल. मास्तर ऐकत गेले. शेवटी म्हणाले, आजी, यात चांगलं काय आहे? मी म्हटलं, ते तुम्ही शोधायचं. गिऱ्हाईकाला काहीतरी काम ठेवावं लागतं.

मास्तर पाणी पिऊन गेले. चिरंजीव आतून म्हणाले, आई, तू विकत होतीस की पंचनामा करत होतीस? दृष्टी नसलेलं गिऱ्हाईक होतं. आपला दोष नाही.

तक्रार नाही, एक नुसतीच गोष्ट. सून या घरात येऊन बावीस वर्षं झाली, तिने एकदाही विचारलं नाही की बाजारात मी कुठे बसायचे.

८ मार्च

पाच. सहा. पुढचं खासगी.

आज भांडी पुसता पुसता सून एकदम म्हणाली, आई, तुम्ही बाजारात कुठे बसायचा हो? नळाजवळ की कमानीजवळ? मला हसूच आलं. बावीस वर्षांनी बाईचं कुतूहल जागं झालं. मी कमानीजवळची जागा, शेजारची लिंबूवाली, वजनात मारणारा कांदेवाला, सगळं सांगितलं. तासभर ऐकत होती. माझ्या व्यक्तिमत्त्वाचा परिणाम उशिरा होतो पण होतो.

९ मार्च

डावा पाच, उजवा सहा. डॉक्टरांचं संपलं, पुढचं अगदीच खासगी.

आज नातीचा फोन आला होता. सून बोलली, फी भरली का, औषध घेतलंस का, ठेवते. मुलगी आहे की वीजबिल? पोरगी परगावी निघाली त्या दिवशीसुद्धा हिच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. बॅगेची चेन लागते का ते बघत होती. मी रडले, चिरंजीव रडले, खालचा वॉचमनसुद्धा नाक ओढत होता. ही कोरडी ठणठणीत. काही बायकांना काळीज देताना हात आखडता घेतलेला असतो.

बोलून मोकळं वाटलं. या यंत्राचा हा एक उपयोग आहे. असो, विकायचा आहेच.

१० मार्च

पाच. सहा.

सून आज ऑफिसातून आली, डबा न खाता तसाच परत आणलेला. विचारलं, बरं नाही का? म्हणाली, भूक नव्हती. हवा बदलतेय, दुसरं काय.

१३ मार्च, दुपारी

डावा सहा, उजवा सात. डॉक्टरांचं संपलं. पुढचं खासगी, आणि आज खरोखर बाका प्रसंग आहे.

दुसरं गिऱ्हाईक आलं. पलीकडच्या इमारतीतली पार्लरवाली. तिला फक्त अपॉइंटमेंट लिहायला हवा होता, बॅटरी मेलीय तर मेलीय म्हणाली, काउंटरवर वायर लावूनच ठेवणार. मांजर तिला फार आवडलं. भाव मी सांगितला तो कबूल. पिशवीसुद्धा आणली होती. मी मनात म्हटलं, जिंकले. एवढ्यात ती म्हणाली, आजी, आतलं सगळं पुसून देणार ना? माझ्या भावाने जुना विकला होता, घेणाऱ्याने त्याची सगळी पत्रं वाचली, आणि वाचून त्याच्या बायकोला दाखवली.

मी लॅपटॉप आधी स्वतःकडे ओढला. माझं सगळं खासगी तर याच्या पोटात आहे! काळजाचं, कंगव्याचं, सगळं. ते नक्की कुठे आहे मला ठाऊक नाही. स्क्रीनवर चित्रं पुष्कळ आहेत, पण खासगी कुठल्या चित्रात ठेवतो ते यंत्राने मला कधी सांगितलं नाही. चिरंजीवांना पुसायला सांगावं तर ते आधी वाचणार. सुनेला सांगावं तर... नको.

पार्लरवालीला म्हटलं, अगं, हा मधूनच शॉक देतो. ती पिशवी घेऊन गेली.

चिरंजीवांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, भावात बसेना.

१४ मार्च, सकाळी

पाच, सात. आज दार लावून यंत्राला स्पष्ट शब्दांत सांगितलं. खासगी सगळं पूस. पूस म्हणते ना. तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं, पूस! दर वेळी मोहरीची आणखी एक ओळ सांडली. म्हणजे पुसायचं सोडून तेही लिहून घेतंय. इतके दिवस मी याला आज्ञाधारक समजत होते.

शेजारणीने दार वाजवून विचारलं, आजी, काही सांडलंय का, मी येऊ का फडकं घेऊन?

निर्णय: हे काम बाहेरच्या माणसाकडून करून घेणे. घरात कोणाला कळू न देणे. मग बिनघोर विकणे. अकरा दिवस आहेत, पुष्कळ झाले.

१७ मार्च, दुपारी दोन

गुडघे नंतर. डॉक्टरांना आज थांबू द्या.

सकाळी सुनेला सांगितलं व्यायामाला जाते, आणि लॅपटॉप चादरीत गुंडाळून भाजीच्या पिशवीत घातला, वर कोथिंबीर. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. कपाळावर भिंग बांधलेला माणूस, दुकान एवढं अरुंद की बोलताना त्याचा स्क्रू-ड्रायव्हर माझ्या चष्म्याला लागत होता. दोन माणसं स्टुलावर बसलेली. मी हळूच म्हटलं, यातलं एक खासगी लिखाण काढून टाकायचंय, माझ्या एका मैत्रिणीचं आहे. तो म्हणाला, कुठल्या नावाने आहे? आता नाव मला काय ठाऊक. म्हणाला, मग थोडं वाचावं लागेल.

आणि तो मोठ्याने वाचू लागला! डावा गुडघा पाच, उजवा साडेसहा. हे का, आजी? म्हटलं, नाही नाही, त्याच्या पुढचं, डॉक्टरांचं संपल्यावरचं. तो म्हणाला, वेगळं काही नाहीये, सगळं सलग एकाच पानावर आहे. आणि पुढे वाचलं, कंगव्याने झाकतो. स्टुलावरच्या दोघांपैकी एकाने टोपी घातली.

मी म्हटलं, माझी मैत्रीण जरा तिखट आहे. म्हणाला, दिसतंय. इथून पुसतो, पण हे दोन ठिकाणी आहे. म्हटलं, म्हणजे? म्हणाला, हे पान दुसऱ्या एका मोबाइलवरही उघडतं, शेअर केलेलं आहे. या बाई बघा. कोपऱ्यात टिकलीएवढा फोटो होता. भिंग दिलं त्याने. चष्मा, मागे आमच्या गॅलरीतली कुंडी. आमची सून. म्हणाला, रोज बघतात. कालचं शेवटचं बघितलं एक वाजून दहा मिनिटांनी. शुक्रवारचंही तेच. डब्याच्या सुट्टीत वाचत असतील.

मी तिथेच कोथिंबिरीवर बसले.

फरसबी. गजर. कमान. धाक, धाक म्हणून मी छाती काढून फिरत होते.

पुसू का म्हणाला. म्हटलं, राहू दे.

आता घरी येऊन शांतपणे विचार केला. घाबरण्यासारखं काही नाही. ती वाचते दुपारी एक ते सव्वाएक. मग तिचं ऑफिस सुरू, बाजार उठला. म्हणजे सव्वाएकनंतर जे सांगितलं ते तिच्या हाती लागत नाही. म्हणूनच हे दोन वाजता सांगतेय. अक्षर नसलं म्हणून अक्कल नसते असं थोडंच आहे.

१८ मार्च, सकाळी नऊ

डावा चार, उजवा पाच. सुनेने आणून दिलेल्या मलमाचा फारच गुण. डॉक्टरांचं संपलं. पुढचं खासगी.

माझी सून फार गुणी आहे. हे मी कोणाला दाखवायला बोलत नाही, कारण हे कोणी वाचत नाही. तिचा हात हलका, बोलणं मोजकं, कोरडेपणा असा नाहीच. तिने माझ्या उशीला नवा अभ्रा घातला तर मला किती बरं वाटेल, पण मी आपणहून मागणारी बाई नव्हे. फिका निळा असला तर बरा.

१८ मार्च, दुपारी दोन

हे खरं खासगी. सकाळचं तिच्यासाठी होतं. मलमाने काडीचाही फरक नाही, गुडघा साडेसहाच आहे. गुणी वगैरे बोलताना जीभ दोनदा अडखळली. बघू अभ्रा येतो का.

१९ मार्च

अभ्रा आला! पण गुलाबी आणि फुलाफुलांचा. मी निळा स्पष्ट सांगितला होता. निळा संपला असेल दुकानात.

एकूण व्यवस्था उत्तम बसली आहे. सकाळी सांगायचं, दुपारी ती वाचणार, संध्याकाळी काम होणार, आणि मी कोणापुढे तोंड वेंगाडलं असं कोणी म्हणणार नाही. असा कारभार मी बाजारातसुद्धा चालवला नव्हता. निर्णय बदलला: लॅपटॉप ठेवायचा. विकण्याचा प्रश्नच येत नाही. एवढं कामाचं यंत्र लोक विकतातच कसं?

चिरंजीवांना सांगितलं. ते म्हणाले, नक्की ना? पंचवीसनंतर दुकानवाला घेणार नाही. म्हटलं, नक्की. त्यांनी मान डोलावली आणि सुनेकडे बघितलं. सून भाजी निवडत होती. फरसबीच.

२१ मार्च, दुपारी अडीच

खासगी. काल गोड बोलून नवी चादर, नखं कापायचं मशीन आणि नातीचा रात्रीचा फोन अर्धा तास लांबवणे अशा तीन गोष्टी सुचवल्या. एकही झाली नाही. सुनेला ऑफिसात काम जास्त असावं.

२२ मार्च, सकाळी

काय बोलायचं आणि कोणाला, तेच कळत नाही. पण सवयीने बटण दाबलं.

काल संध्याकाळी सून माझ्या खोलीत आली. पलंगाच्या कडेला बसली, म्हणाली, आई, डॉक्टरांचे सहा आठवडे संपले, मी आकडे त्यांना पाठवून दिले. आणि ते पान माझ्या मोबाइलवरून काढून टाकलं. आता तुमचं तुम्हालाच. मी आश्चर्य वाटल्यासारखं केलं. म्हटलं, म्हणजे तुझ्या मोबाइलवर होतं की काय? ती म्हणाली, आई, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्ही मटार सोलत होता. आणि दोन वाजताचंही मी वाचलंय. ते दुसऱ्या दिवशीच्या डब्यापर्यंत तिथेच असतं, आई, कुठे जात नाही.

मी पायाच्या नखाकडे बघत होते.

म्हणाली, आधी फक्त आकडे बघत होते. मग पुढचं दिसलं. थांबायला हवं होतं, नाही थांबले. ऑफिसात डबा खाताना तेच वाचायचे. मैत्रिणी विचारायच्या, काय गं एवढी हसतेस? मास्तरांचं वाचून तर मला ठसका लागला होता. मला वाटलं, ही आता मला दोष देणार, पण ती सरळ बसून बोलत होती, भाव सांगितल्यासारखं. मग म्हणाली, एक दिवस मात्र डबा तसाच बंद केला. पोरगी गेली त्या दिवशी मी बाथरूममध्ये रडले होते, नळ सोडून. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.

मला पुष्कळ काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं, किती पाणी गेलं असेल.

ती उठली. दारात म्हणाली, आता मनमोकळं लिहा आई, कोणी वाचत नाही.

झालं. शेवटी मला हवं होतं तेच झालं. खासगी ते खासगी. मी जिंकलेच म्हणायचं.

२३ मार्च

सगळं खासगी. डॉक्टरही नाहीत आता. आज सुनेच्या फरसबीबद्दल, चिरंजीवांच्या कंगव्याबद्दल, शेजारणीच्या फडक्याबद्दल, सगळं भडाभडा बोलले. मोहरी सांडत राहिली. बोलून झाल्यावर बघत बसले. एकही दाणा मला ओळखता येत नाही. मी सांगितलेलं मला वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांच्यापुरतं बंद. असलं खासगी मी बाजारात फुकट दिलं तरी कोणी घेतलं नसतं.

जेवणात फरसबी. बोटाएवढी.

२४ मार्च

गजर पाच वेळा.

२६ मार्च

निर्णय: विकायचा. काल रात्रीपर्यंत मुदत होती, पण काल मला बरं नव्हतं. नक्की काय होत होतं ते सांगता येत नाही, पण बरं नव्हतं.

सकाळी पार्लरवालीकडे स्वतः गेले. म्हटलं, शॉक बंद झाला, घेतेस का? तिच्या काउंटरवर नवाकोरा होता, झाकण आपोआप उभं राहणारा. दुकानात गेले, तिथला मुलगा म्हणाला, आजी, काल ऑफर संपली, आणि संपली नसती तरी हा घेतला नसता. शेवटी दुरुस्तीवाला. त्याने उलटा करून बघितला, म्हणाला, स्क्रीन तेवढी काढून घेतो, बाकी तुम्ही परत न्या. मला म्हणतो स्क्रीन काढून घेतो! वांग्याचं देठ तेवढं ठेवून घेतो म्हणाल्यासारखं. मी चादर गुंडाळली आणि निघाले.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा माल घरी परत आणला. जिन्यात दोनदा बसले. आता नोंद ठेवायची नाही, तरी सांगते, उजवा आठ.

२८ मार्च, सकाळी

रात्रभर ठरवत होते. मी तोंडावर बोलणारी बाई. यंत्राच्या आडून बोलायची मला गरजच काय? आज सुनेला समोर बसवायचं आणि सगळं नीट सांगायचं. काळजाबद्दल जे बोलले ते चुकीचं बोलले, हे पहिलं. नळाचं कळलं ते बरं झालं, हे दुसरं. आणि तू वाचत होतीस ते मला आवडत होतं, हे शेवटी. तालीमसुद्धा केली, या यंत्रासमोरच, तीनदा. फार चांगली झाली. बोलताना माझाच आवाज भरून आला.

आज शनिवार आहे, तिला अर्धीच सुट्टी. तिला म्हटलं, बोलायचंय, तर दुपारी एकला येते म्हणाली.

२८ मार्च, दुपारी दोन

बोलणं झालं.

ती आली, पर्स ठेवली, हात धुतले आणि समोरच्या खुर्चीवर बसली. म्हणाली, बोला आई. मोबाइल उलटा ठेवला. मी साडी सारखी केली. चाळीस वर्षं कमानीजवळ बसून असा आवाज लावला की नळापलीकडची माणसं वळून बघायची. तो आवाज आला नाही. ती वाट बघत होती. घाई करत नव्हती. चष्म्याआड तिचे डोळे इतके शांत होते की मला वाटलं आता ही काहीही ऐकून घेईल.

मी म्हटलं, पडदा जरा ओढ. ऊन येतंय डोळ्यावर.

तिने उठून पडदा ओढला. पुन्हा बसली. म्हणाली, अजून काही? म्हटलं, नाही, एवढंच. मग ती भात लावायला गेली.

एकंदरीत अगदी मनमोकळं बोलणं झालं.